धानाचा पैसा आणि पाच तारखेची किस्त

चंद्रपूरच्या गोल बाजारात असो की आलापल्लीच्या चौकात, दिवाळीच्या तोंडावर फ्रीज, टीव्ही किंवा मोबाइल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार आधी एकच विचारतो: नगदी की फायनान्स? फायनान्स म्हटले की आधार, पॅन, पासबुक आणि फोनवर आलेला ओटीपी, एवढ्यावर चहा येईपर्यंत काम उरकते. गिऱ्हाइकाच्या लेखी त्याने दुकानातून किस्तीवर वस्तू घेतलेली असते. कागद वेगळे सांगतो. दुकानदाराला त्याचे पैसे एका बिगर-बँक वित्त कंपनीने चुकते केलेले असतात, गिऱ्हाईक त्या कंपनीचे कर्जदार झालेले असते आणि त्या कर्जाचे एक खाते त्याच्या नावाने पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरात उघडले गेलेले असते. पुढच्या वर्षभरात त्या खात्यात जे लिहिले जाईल, ते किस्ती फिटून फ्रीज जुना झाल्यावरही पुसले जात नाही. माझे म्हणणे असे की, या खात्यात चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या माणसाचे जे चित्र उमटते ते खोटे नसते, पण ज्या पंचांगावर ते काढलेले असते ते पंचांग त्याचे नसते. सिबिलवर बंदी घालून हे दुखणे जाणार नाही. किस्तीची तारीख बदलावी लागेल.

‘सिबिल’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो, पण सिबिल ही चार कंपन्यांपैकी एक. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो ही संस्था २००० मध्ये मुंबईत स्थापन झाली, पुढे ती ट्रान्सयुनियन सिबिल झाली. तिच्या जोडीला एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या आणखी तीन कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने काम करतात. या साऱ्यांचा कायदेशीर पाया म्हणजे २००५ चा पतमाहिती कंपन्यांचा कायदा. बँका आणि वित्त कंपन्या यांना या चारही कंपन्यांचे सदस्य व्हावे लागते आणि दिलेल्या कर्जांची माहिती त्यांना पुरवत राहावी लागते. रक्कम लहान आहे म्हणून सूट नाही. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक नियमांनी तर ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ या प्रकारातली थोड्या दिवसांची उधारीही या नोंदीच्या कक्षेत आणली. आता अहवाल उघडून पाहू. किस्तीवरच्या मोबाइलचे खाते तिथे बहुधा ग्राहकोपयोगी वस्तूचे कर्ज म्हणून दिसते, कधी वैयक्तिक कर्ज म्हणूनही. वर वित्त कंपनीचे नाव असते. दुकानाचे नाव नसते, म्हणून अहवाल पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कर्ज आपण काढले तरी कधी, असा प्रश्न पडतो. मग खाते उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, शिल्लक, थकबाकी, किस्तीची रक्कम, शेवटचा भरणा कधी केला ते, आणि त्याखाली महिन्यांच्या लहान लहान चौकोनांची पट्टी, तीन वर्षांपर्यंतची. खरा मामला या पट्टीत आहे. प्रत्येक चौकोनात किस्त किती दिवस थकली आहे एवढाच आकडा असतो; वेळेवर असेल तर शून्य. चौकोनात रुपये नसतात, दिवस असतात. मोबाइलची आठशे रुपयांची किस्त पंचवीस दिवस थांबली काय आणि आठ लाखांच्या कर्जाची किस्त पंचवीस दिवस थांबली काय, चौकोनात २५ च लिहिले जाते. ३०० ते ९०० च्या दरम्यानचे जे गुण सगळे विचारतात, त्यांत वेळेवर परतफेडीला फार मोठे वजन आहे, आणि ती परतफेड या चौकोनांतूनच वाचली जाते.

दुकानातल्या घाईत आणखी काही गोष्टी या अहवालात जाऊन बसतात, ज्यांची गिऱ्हाइकाला कल्पना नसते. एका कंपनीने नाही म्हटले की काउंटरवरचा मुलगा दुसरीकडे अर्ज टाकतो, मग तिसरीकडे. तीनही कंपन्यांनी अहवाल मागवला तर तीन चौकशा नोंदल्या जातात, आणि थोड्या दिवसांत झालेल्या अनेक चौकशा म्हणजे माणूस कर्जासाठी दारोदार फिरतोय, असा त्याचा अर्थ लावला जातो. एकाच किस्त-कार्डावर आधी मोबाइल, मग कूलर, मग मिक्सर घेतला तर ती तीन वस्तूंची तीन स्वतंत्र कर्जे. वाढीव वॉरंटी किस्तीत घातली असेल तर तिचे कधीकधी चौथे. आणि आपल्या भागातला खास प्रकार म्हणजे ‘नावावर घेऊन देणे’. गावात ज्याला दरमहा पगार आहे, म्हणजे वनरक्षक, शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, त्याच्या नावावर भाऊबंद, शेजारी, सोयरे वस्तू उचलतात. शब्दावर चालणारा हा व्यवहार गावात सहसा मोडत नाही, किस्त पुढेमागे पोहोचते. पण पुढेमागे पोहोचलेल्या प्रत्येक किस्तीचे दिवस त्या सेविकेच्या पट्टीत पडतात, आणि स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला ती बँकेत गेली की तिथे सापडतात.

आता या दोन जिल्ह्यांत पैसा कधी येतो ते पाहा. मार्च-एप्रिलात मोहफूल. मे महिन्यात तेंदूपत्ता: पहाटे जंगलात जायचे, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. हा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, आणि कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत वर्षातली सगळ्यात मोठी रोख रक्कम या आठवड्यांतली. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे अनेक ग्रामसभा आता पत्त्याचा लिलाव स्वतः करतात, हे मोठेच काम झाले; पण ठेकेदाराने रॉयल्टी थकवली तर ग्रामसभेकडूनही पैसा लांबतो. पावसाळ्यात रोवणीची मजुरी, पण घरच्या धानाला खतपाणी घालण्यात तीच खर्ची पडते. नोव्हेंबरात कापणी, मग मळणी, मग आधारभूत खरेदी केंद्रावर आदिवासी विकास महामंडळाला किंवा मार्केटिंग फेडरेशनला धान द्यायचे, आणि मग चुकाऱ्यांची, म्हणजे धानाच्या पैशांची, वाट पाहायची. ज्यांच्याकडे धान थोडे किंवा नाहीच, ते जानेवारीनंतर मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि होळीच्या आगेमागे परततात. म्हणजे वर्षाला पैसा दोन-तीन वेळा येतो, येतो तेव्हा बऱ्यापैकी येतो, आणि मधले महिने कोरडे जातात. याच जिल्ह्यांत दुसरेही एक पंचांग आहे. वेकोलिच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, राजुरा-कोरपन्याचे सिमेंट कारखाने, सरकारी कार्यालये: इथे पगार महिन्याच्या सुरुवातीला जमा होतो. पाच तारखेची किस्त या माणसासाठी बेतलेली आहे. त्याच्यासाठी ती ठीकही आहे. पण घुग्गुसच्या कामगाराला आणि कुरखेड्याच्या धान उत्पादकाला एकच तारीख लावली की एकाची पट्टी शून्यांनी भरते आणि दुसऱ्याची आकड्यांनी. दोघांनीही वर्षअखेरीस पै न पै चुकती केलेली असू शकते.

हे आकड्यांत मांडून बघू. समजा, आरमोरी तालुक्यातल्या एका घराने दिवाळीत चोवीस हजारांचा फ्रीज बारा किस्तींवर घेतला. किस्त दोन हजार, पहिली तारीख ५ नोव्हेंबर. धान अजून बांधीत उभे आहे. खात्यात पैसे नाहीत, किस्त बाउन्स होते. वित्त कंपनी त्याचा आकार लावते, आणि ज्या बँकेतून किस्त कापली जायची तीही आपला वेगळा आकार लावते. एका न वटलेल्या किस्तीला दोन्हीकडून फटका. नोव्हेंबरअखेर चौकोनात २५. डिसेंबरअखेर ५६. जानेवारीअखेर ८७. समजा चुकारे २० फेब्रुवारीला आले आणि घरातल्या कर्त्याने त्याच दिवशी मागच्या चारही किस्ती मिळून आठ हजार आणि वरचे आकार भरून टाकले. व्यवहारात तो बाकी राहिला नाही. पण पहिल्या किस्तीला नव्वद दिवस ३ फेब्रुवारीलाच पूर्ण झाले होते आणि तेव्हापासून ते खाते नियमानुसार अनुत्पादक ठरले होते. पूर्वी कंपन्यांकडे नोंद महिनाअखेरची जात असे, म्हणून फेब्रुवारीत हे झाकले गेले असते. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ही नोंद पंधरवड्याची केली, महिन्याच्या १५ तारखेची आणि शेवटच्या दिवसाची. त्या पद्धतीत १५ फेब्रुवारीची नोंद १०२ दिवसांची जाते. पंधरवड्याच्या नोंदीचा फायदाही आहे, कारण थकबाकी भरल्याचेही तितक्याच लवकर कळते, आणि ही सुधारणा मुळात चांगल्या हेतूने झाली. पण हंगामी उत्पन्नाच्या घराला तिने अधिक उघडे पाडले, हेही तितकेच खरे. पुढच्या वर्षी हाच माणूस म्हशीसाठी किंवा पोराच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेला की समोरचा अधिकारी ही पट्टी पाहील. चुकाऱ्यांची तारीख त्याला कुठेच दिसणार नाही.

यावर कोणी म्हणेल की कर्जाची शिस्त सगळ्यांना सारखीच असली पाहिजे, हंगामाच्या नावाखाली सवलत मागाल तर उद्या प्रत्येक जण आपला हंगाम सांगेल. हा आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही, कारण आपल्याच बँकिंग नियमांनी हंगाम केव्हाच मान्य केला आहे. अल्प मुदतीच्या पिकासाठी दिलेले पीककर्ज थकले तर ते नव्वद दिवसांनी अनुत्पादक ठरत नाही. दोन पीक हंगाम उलटावे लागतात. दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम. ट्रॅक्टरच्या कर्जाची किस्त सहामाही किंवा वार्षिक असते, कारण ती पिकातून फेडायची हे सावकारापासून बँकेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे ज्याची जमीन ट्रॅक्टर पेलण्याइतकी आहे त्याच्या धानाला हंगाम आहे, आणि ज्याची दोन-अडीच एकर बांधी आहे व ज्याने त्याच धानाच्या भरवशावर फ्रीज घेतला आहे, त्याच्या धानाला हंगाम नाही. हा भेद कोणत्याही अर्थशास्त्राने समजावता येणार नाही. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सूक्ष्मवित्ताच्या चौकटीत रिझर्व्ह बँक आणखी पुढे गेली. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले कोणतेही विनातारण कर्ज, मग ते कशासाठीही असो आणि कागदावर दिलेले असो की मोबाइलवर, सूक्ष्मवित्त कर्ज मानायचे, असे त्यात म्हटले आहे. त्या कर्जाच्या परतफेडीचा काळ कर्जदाराच्या गरजेप्रमाणे लवचीक ठेवण्याचे धोरण संस्थेने करायचे, आणि घरातल्या सगळ्या कर्जांच्या परतफेडीचा महिन्याचा बोजा उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ द्यायचा नाही, हेही त्यातच आहे. किस्तीच्या फ्रीजचे कर्ज या व्याख्येत बसते की नाही? करारात वस्तू कंपनीकडे तारण असल्याचे कलम असेल तर कंपनी म्हणेल, बसत नाही. पण वापरून जुना झालेला मिक्सर किंवा पडद्याला तडा गेलेला मोबाइल ही तारणाची वस्तू म्हणवत असेल, तर तो कलमाचा खेळ आहे; नियम ज्या घरासाठी केला ते घर तेच आहे. आणि तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही नाही. पतमाहिती अहवालात परतफेड किती काळाने करायची आहे याचा रकानाच असतो. त्यात साप्ताहिक, पाक्षिक, मासिक आणि तिमाही असे पर्याय पहिल्यापासून आहेत. आपल्या भागातल्या किस्त-खात्यांवर तिथे ‘मासिक’ असते, कारण दुकानातल्या फॉर्ममध्ये दुसरा पर्यायच दिलेला नसतो.

कंपन्यांची बाजू ऐकायला हवी. पंधरा-वीस हजारांच्या कर्जात नफा थोडा, त्यात प्रत्येक गावाचा हंगाम कोण पाहत बसणार. शिवाय किस्त जितकी लांब अंतराने तितकी ती मोठी, आणि मोठी किस्त बुडण्याची भीती जास्त. पहिल्या मुद्द्याला उत्तर सोपे आहे. पिनकोड पाहून काही भाग सरसकट वगळण्याची पद्धत या धंद्यात आहे, हे कोणत्याही दुकानदाराला विचारा. नाकारण्यासाठी ज्यांना पिनकोड वाचता येतो त्यांना तारीख ठरवण्यासाठीही तो वाचता यावा. सिंदेवाही, सावली, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी हा सगळा धानपट्टा. इथे फेब्रुवारी आणि जूनच्या दोन मोठ्या किस्ती आणि मधल्या महिन्यांत नाममात्र रक्कम, असा एक साचा पुरे. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. सहा महिन्यांनी दहा-बारा हजार एकदम भरायचे म्हटले की हातात आलेला पैसा आधी लग्नात, दवाखान्यात, कृषी केंद्राच्या उधारीत जाण्याची शक्यता असते, यात शंका नाही. म्हणून मी पूर्ण सहामाही किस्तीचा आग्रह धरत नाही. कोरड्या महिन्यांत दोनशे-तीनशे रुपये भरत राहायचे आणि पैसा येतो त्या दोन महिन्यांत उरलेले, अशी मिश्र बांधणी केली तर कंपनीचा संपर्क तुटत नाही आणि चौकोनात शून्यही पडत राहते. व्याज थोडे जास्त लागेल. लागू द्या, पण ते समोर लिहून. आज बाउन्सच्या आकारातून गिऱ्हाईक जे भरते ते त्याहून कमी नाही, फक्त ते व्याज म्हणून कुठे दिसत नाही.

किंबहुना दिसत नसलेल्या व्याजाचा हा प्रश्न जुनाच आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नाही. प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या रोख सवलतीत ते व्याज लपवू नका. तरी ‘झिरो टक्के’चे फलक दुकानांवरून उतरले नाहीत. वित्त कंपनीला तिचे उत्पन्न वस्तूच्या उत्पादकाकडून किंवा दुकानदाराकडून मिळते, आणि शेवटी ते किमतीतच असते. त्यामुळे तेंदूच्या पैशातून नगदी फ्रीज घेणारा माणूस किस्तीवाल्याच्या व्याजाचा वाटा न कळत उचलतो; त्याला कोणी सूट देत नाही, आणि त्याच्या वेळेवरच्या नगदी व्यवहाराची कुठल्याही अहवालात नोंद होत नाही. ‘गरिबांनी ऐपतीबाहेर खरेदी करू नये’ असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की चोवीस हजारांचा फ्रीज साडेतीन महिन्यांच्या उशिराने पूर्ण फेडणारा माणूस ऐपतीबाहेर कसा? त्याच्याकडे पैसा होता. पाच तारखेला नव्हता.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि लोकप्रियही. शेतकऱ्याला सिबिल लावूच नका. देवेंद्र फडणवीस यांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये, पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू असा इशारा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी संसदेत सांगितले की रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान सिबिल गुण ठरवून दिलेले नाहीत आणि केवळ पूर्वी कर्ज घेतले नाही म्हणून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला नाकारू नये. दुसरे विधान योग्य आणि उपयोगाचे आहे. पहिल्या इशाऱ्यामागची चीडही समजण्यासारखी आहे, कारण फ्रीजच्या ८७ दिवसांवरून धानाचे कर्ज अडवणे हा उफराटा न्याय आहे. पण फौजदारीच्या धाकाने अधिकारी अहवाल पाहणे थांबवणार नाही. तो पाहील आणि नकाराचे कारण दुसरे देईल, सातबारावरचा फेरफार, नाहीतर कोटा संपला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या भागातल्या माणसाला चांगल्या नोंदीची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे तारण म्हणून बँकेला तो कामाचा नाही. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल कायद्याची बंधने आहेत, आणि ती असायलाच हवीत. त्यांच्यामागे जमिनी लुबाडल्या गेल्याचा इतिहास आहे. मग ज्याला जमीन गहाण टाकता येत नाही त्याच्याकडे कर्जदात्याला दाखवायला उरते काय? फेडीची नोंद. गावचा किराणावाला धानावर उधारी देतो, चुकारे आले की खाते नील करतो. तो हंगाम जाणतो, पण त्याच्या वहीतली इमानदारी गडचिरोलीच्या बँकेपर्यंत पोहोचत नाही. वित्त कंपनीची नोंद देशभर पोहोचते, पण तिला हंगाम कळत नाही. सिबिल काढून टाकले तर माणूस पुन्हा त्या वहीपुरता उरेल, आणि वही लिहिणारे सगळेच भले असतात असेही नाही.

नोंद ठेवायची तर ती बरोबर हवी, आणि इथे आपला भाग आणखी मागे पडतो. कागदावर ग्राहकाचे हक्क कमी नाहीत. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नोंदीतल्या चुकीची तक्रार केल्यावर तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे; तुमचा अहवाल कोणी मागवला तर एसएमएस किंवा ईमेलने कळवायचे, हेही त्याच महिन्याच्या आदेशातले. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आहेत. पण या सगळ्याचा रस्ता मोबाइलवरून जातो. सिम बदलले, की ओटीपी जुन्या नंबरवर. अहवाल हाती आला तरी भाषा इंग्रजी. कंपन्या माणूस ओळखतात तो नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन, फोन यांच्या मेळावरून. ज्या गावात मडावी, आत्राम, उसेंडी या आडनावांची दहा-दहा घरे आहेत, पत्ता म्हणजे ‘मुक्काम-पोस्ट’ एवढाच आहे आणि जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावर १ जूनच्या पडलेल्या आहेत, तिथे एकाचे खाते दुसऱ्याच्या अहवालात जाण्याचा धोका शहरापेक्षा जास्त असणारच. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना मुख्य तथ्यांचे विवरणपत्र सक्तीचे झाले, ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत आणि समजावून द्यायचे आहे. मग भामरागडात ते माडियात कोणी समजावते का, सिरोंच्यात तेलुगूत, मुलचेऱ्यात बंगालीत? दुकानातल्या टॅबवर ‘मला समजले’ या चौकटीवर बोट टेकवले की समजावणे झाले, अशी आजची रीत दिसते. लोकअदालतीत तडजोड करून आलेल्या माणसाला वाटते प्रकरण मिटले. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा पडू शकतो आणि तो वर्षानुवर्षे राहतो, हे त्याला त्या दिवशी सांगणारे कोणी नसते. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बँक सखी गावोगाव फिरतात, त्यांच्या कामात वर्षातून एकदा अहवाल काढून वाचून दाखवणे घातले तर खर्च फारसा नाही.

शेवटी या साखळीतल्या सगळ्यात मोठ्या थकबाकीदाराकडे वळावे लागते. आधारभूत केंद्रावर धान दिल्यावर चुकारे कधी आठवड्यात येतात, कधी महिने उलटतात. बोनसचे तर जाहीर होणे वेगळे आणि खात्यात पडणे वेगळे. २०२३-२४ च्या हंगामासाठी हेक्टरी वीस हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी घोषणा डिसेंबरातल्या अधिवेशनात झाली होती, आणि त्या पैशासाठी पुढे किती निवेदने द्यावी लागली ते धानपट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. सरकारी यंत्रणेने पैसे लांबवले तर तिच्या नावाने कुठल्या चौकोनात २५, ५६, ८७ पडत नाहीत. ते दिवस धान देणाऱ्याच्या पट्टीत पडतात. राज्य सरकारला वित्त कंपन्यांचे नियम बदलता येणार नाहीत, तो अधिकार रिझर्व्ह बँकेचा. पण राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत धानपट्ट्यासाठी हंगामी किस्तीचा पर्याय मागता येईल, आणि स्वतःच्या अखत्यारीतले एक काम तर कोणालाही न विचारता करता येईल. धान खरेदीची नोंदणी ऑनलाइन आहे. शेतकऱ्याने धान मोजून दिले ती तारीख आणि त्याच्या खात्यात पैसे जमा झाले ती तारीख, दोन्ही सरकारच्याच संगणकात असतात. या दोन तारखांमधल्या दिवसांचा दाखला शेतकऱ्याला खरेदी केंद्रावर मागताक्षणी द्यावा, तो दाखला जोडून आलेली किस्त-थकबाकी कर्ज नाकारण्याचे कारण धरू नये अशी सूचना दोन्ही जिल्हा मध्यवर्ती बँकांना आणि ग्रामीण बँकेला करावी, आणि ठरलेल्या मुदतीपुढे गेलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज चुकाऱ्यात मिळवून द्यावे. पतमाहिती कंपन्यांना दिवसाचे शंभर रुपये लागू होतात. खरेदी यंत्रणेचा दर काय असावा, ते विधिमंडळात दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी विचारायला हरकत नाही.